वृंदगान सोडताय? आधी स्वतःची पट्टी शोधा

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम जळगावला होतो, पडदा पडतो आणि विंगेत रडारड सुरू होते. "दर रविवारी भेटायचंच" असं सगळे एकमेकांना बजावतात. कुणी भेटत नाही. मनाला लावून घेऊ नका. नोकरी, परीक्षा, पुण्यातली खोली यांत रविवार उरतच नाहीत. ज्यांना यापुढे एकट्याने गायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

निघण्याआधी गाण्यांची फाइल आणि स्टेजचा कुर्ता परत करा. आणि तुमची खालच्या आवाजाची ओळ पुढच्या पोराला समोर बसवून शिकवा. रेकॉर्डिंग पाठवून भागत नाही, एवढ्या आवाजांत ती ओळ ऐकूच येत नाही.

आता सापळा. यात मी पुरता अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

मिश्र वृंदाची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा मानून गायचं तो सूर, तडजोडीची असते. पोरांचा सा साधारण काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातलं पहिलं काळं बटण) आसपास, पोरींचा काळी चार-पाचच्या. सगळ्यांना एकत्र गाता यावं म्हणून आम्ही काळी तीनमध्ये गायचो. पोरी थोड्या खाली उतरायच्या, आम्ही बरेच वर चढायचो. आता हिशेब बघा. काळी एकचा मध्यम (म) म्हणजे काळी तीनचा सा. म्हणजे वृंदातला तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) तुमच्या स्वतःच्या पट्टीत मोजला तर थेट तार धैवत (वरचा ध)! एकट्याने कोण लावतं हो तार धैवत? वृंदात तो लागतो, कारण तो तुम्ही लावतच नसता. पोरी आरामात लावतात, तुम्ही मान उंचावून नुसता जोर देता आणि आपलाच लागला असं समजता. दमाचंही तेच. आळीपाळीने श्वास घेतल्याने ओळ कुठे तुटत नाही, म्हणून आपला दम मोठा वाटतो.

मग गणपतीत एकट्याला बोलावणं येतं. पेटीवाला विचारतो, "कोणती पट्टी, भो?" सवयीने तोंडातून "काळी तीन" निघतं. मुखडा झकास जातो, अंतऱ्याला गळा फाटतो. घरी आल्यावर वाटतं, आवाज गेला. मी तर बरेच दिवस गाणंच बंद ठेवलं होतं. आवाज कुठेही गेला नव्हता, पट्टी परकी होती.

शोधायची कशी? तानपुरा लावा, ॲपवरचा चालेल. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) स्पष्ट ऐकू यावा आणि तार मध्यम गळा न आवळता लागावा, अशी पट्टी धरा. अर्ध्या सुराने खाली-वर करून पाहा. फक्त सकाळी ठरवू नका. उठल्या उठल्या आवाज जड असतो, खाली छान जातो आणि फसवतो. संध्याकाळी परत तपासा. आदल्या रात्री भरीत-पुरीवर मिरचीचा ठेचा हाणला असेल तर तो दिवस सोडून द्या.

माझं एक स्पष्ट मत आहे, पटलं तर घ्या. जे सर पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला एकच सा देतात, त्यांच्याकडे एकल गाणं शिकायला जाऊ नका, नाव कितीही मोठं असो. आणि कराओके ट्रॅकवर रियाज करू नका. ट्रॅकची पट्टी मूळ गायकाची, म्हणजे पुन्हा परक्याच्या घरात बिऱ्हाड. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा द्यायच्या तर जरूर द्या, पण प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. "मधल्या गाळून थेट वर बसवून देतो" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

घाबरू मात्र नका. वृंदातून आलेल्याचा कान तयार असतो. लय सुटत नाही, शेजारचा घसरला तरी आपण घसरत नाही. नुसतं एकट्याने शिकलेल्यांना हे यायला फार वेळ लागतो.

अजून कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्या युवक महोत्सवातलं समूहगीत करून बघा. तिथे जास्तीत जास्त सहा गायक असतात. लपायला जागा कमी, पण साथ असते, त्यामुळे मधली पायरी म्हणून बरं. फक्त निवडीच्या वेळीच सरांना आपली पट्टी सांगून ठेवा. गाणं बसल्यावर ती कुणी बदलत नाही.