प्रकाश तरंगाकडून कणाकडे वळतो कुठे, हे घरी कसे पाहावे

या प्रयोगातली पहिली अडचण काळोखाची आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या घरात मध्यरात्रीही खिडकीतून उजेड येतच राहतो. म्हणून बाथरूमच्या झडपांवर काळा कागद चिकटवावा आणि मोजमापे तिथेच घ्यावीत.

आधी मात्र खोलीत तरंग पाहून घ्यावा. १ मिलिवॉटच्या लाल लेझर पॉइंटरसमोर एक केस ताणून धरला, की २ मीटरवरच्या भिंतीवर साधारण २ सेंटिमीटरच्या अंतराने उजळ-काळे पट्टे उमटतात (किरण डोळ्यात जाऊ देऊ नये). त्या किरणातून सेकंदाला सुमारे तीन हजार लाख कोटी फोटॉन (प्रकाशाचे कण) येतात, त्यामुळे त्यांचा सुटेपणा जाणवत नाही.

तो जाणवावा म्हणून बाथरूममध्ये पांढरा कागद बॅटरीने उजळावा; विजेचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, तो टाळलेला बरा. मोबाइल कॅमेऱ्याचा आयएसओ (संवेदनशीलता) स्थिर ठेवून एकाच मांडणीची दोन रॉ (प्रक्रिया न केलेली) छायाचित्रे घ्यावीत, मधल्या चौकोनातील फक्त हिरव्या पिक्सेलांचे आकडे एकमेकांतून वजा करावेत आणि फरकाच्या प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीभोवती किती विखुरले, त्या मापाला) दोनाच्या वर्गमूळाने भागावे; हा झाला चढउतार. मग उघडझापेचा वेळ (कॅमेरा प्रकाश घेतो तो वेळ) चौपट करून हेच पुन्हा करावे. चढउतार चौपट न होता दुप्पट होतो: पिक्सेलमध्ये प्रकाशामुळे १०० इलेक्ट्रॉन जमले तर तो १० चा, म्हणजे १० टक्के, आणि १०,००० जमले तर १०० चा, म्हणजे केवळ १ टक्का. प्रकाश वाढेल तसा दाणेदारपणा विरत जातो, तो असा. अगदी अंधूक प्रकाशात मात्र कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वरचढ ठरतो, तेवढी मापे सोडून द्यावीत.

इथे एक गैरसमज होतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो: प्रकाश मंद केला म्हणजे तो पुंजस्वरूपी (सुट्या कणांचा) होत नाही. १९०९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी अतिमंद प्रकाशात सुईच्या सावलीचे छायाचित्र सुमारे तीन महिने उघडे ठेवले, तरी पट्टे तसेच उमटले. प्रकाश चौपट तर चढउतार दुप्पट, हा आपला वर्गमूळाचा नियमही प्रकाश तरंग मानून आणि केवळ शोषणारे अणू पुंजस्वरूपी मानून सिद्ध करता येतो. खरी कसोटी, जिचा गणिती पाया १९६३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ग्लॉबर आणि आपले ई. सी. जी. सुदर्शन यांनी घातला, ती अशी: अर्धपारदर्शक काचेने प्रकाश दोन शोधकांकडे (प्रकाश टिपणाऱ्या उपकरणांकडे) वाटावा आणि दोन्ही एकाच क्षणी किती वेळा प्रकाश टिपतात ते मोजावे. लेझर कितीही मंद केला तरी ही संख्या योगायोगाने जुळेल तेवढीच राहते. १९७७ मध्ये किंबल, दागनाय आणि मँडेल यांना सोडियमच्या अणूंच्या प्रकाशात ती त्याहून कमी आढळली, आणि निव्वळ तरंगाला ते शक्यच नाही.