चर्चची प्रसिद्धी तुमच्या गळ्यात पडली असेल तर

तरुण संघाच्या बैठकीला मी अर्धा तास उशिरा पोचलो, तोवर 'प्रसिद्धी'पुढं माझं नाव लिहून झालं होतं. "तुला कॉम्प्युटर येतो ना? मग बघ तू." जालन्यात आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, हे खातं मला असं मिळालं. तुम्हालाही बहुधा असंच मिळेल.

पहिलं काम आलं महिला मंडळाच्या शिवणवर्गाचं. मी रात्रभर बसून पोस्टर केलं. मागं सूर्योदय, वर कबुतर आणि मधे सोनेरी अक्षरांत 'महिला सक्षमीकरण सेवाकार्य : येऊन आशीर्वादित व्हा'. आल्या दोघी, त्यातली एक सेक्रेटरीबाईंची सून. रविवारी मागच्या बाकावरच्या मावशींना विचारलं, का आला नाहीत? "मला वाटलं प्रार्थनासभा हाय. शिवण शिकवतेत व्हय? मशीन तिथलीच का घरून आणायची? अन् पैसे किती?" माझं पुढचं पोस्टर त्यांनीच लिहून दिल्यासारखं झालं : शिवण शिका. फी नाही. मंगळवार, शुक्रवार, दुपारी 2. मशीन चर्चमध्ये आहे. कुणीही या. खाली एक फोन नंबर. त्या वेळी मशीन कमी पडल्या.

'सेवाकार्य', 'फेलोशिप', 'आऊटरीच' हे शब्द कमिटीला आवडतात. बाहेरच्याला त्यातून काहीच कळत नाही, आणि आतल्या निम्म्यांनाही.

व्हॉट्सअ‍ॅपनं मला चांगलंच फसवलं. ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांत सूचना बुडतात म्हणून मी एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवणारी ब्रॉडकास्ट लिस्ट केली आणि निर्धास्त झालो. पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो, हे कुठं माहीत होतं! उपासनेची वेळ बदलली त्या रविवारी कितीतरी घरं जुन्याच वेळेला दारात उभी. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आता सूचनांचा ग्रुप वेगळा आहे, त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात. वाचता न येणाऱ्यांसाठी वर एक छोटी व्हॉइस नोट टाकतो.

वेदीवरून द्यायच्या सूचनांचं काम अवघड, कारण तिथं मानपान आहे. संडे स्कूल, महिला मंडळ, तरुण संघ, प्रत्येकाला आपलं नाव माइकवर ऐकायचं असतं. बारा-तेरा सूचना झाल्या की लोक चपला शोधायला लागतात. मी पाळकसाहेबांना धरून तीनवर आणल्या, बाकीच्या फळ्यावर. एक सेक्रेटरी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. चालायचंच.

आपल्याकडचं कॅलेंडरही वेगळं आहे. आसपासच्या वस्त्यांवरची बरीच घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. डिसेंबरात नाताळाची पत्रिका वाटून काय उपयोग, दाराला कुलूप. आजीआजोबांकडं राहिलेल्या लेकरांसाठीची अभ्यासिका आईबापांना सांगायची तर टोळी हलायच्या आधीच, घरी जाऊन.

वस्तीवर पोस्टरपेक्षा ढोलकी-टाळ बरे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन हाताशी धरलं ते उगाच नव्हे. मंडळीच्या बातम्या छापायची सवयही आपल्याकडं जुनी, 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 चं. आरोग्य शिबिर असेल तर मात्र भजन नको. तपासणी सगळ्यांसाठी आहे आणि प्रार्थनेला बसायची अट नाही, एवढं सरळ सांगा आणि तसंच वागा. नाहीतर पुढच्या वर्षी गावात पाय ठेवणं अवघड.

लेकरांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. एका आईचा फोन मला आलाय, तुम्हाला यायला नको.

आता काहीही छापायच्या आधी मी मावशींना वाचून दाखवतो. परवा कापणीच्या सणाचं पोस्टर ऐकून त्या म्हणाल्या, "समदं झ्याक हाय. पण तारीख कुठंय?"

खरंच नव्हती.