पिल्लू आणलंय? निदान या चुका तरी टाळा

कुत्र्याच्या पिल्लाला गाडीमागं पळवणं ही आपल्या सोलापूरकरांची लाडकी चूक. कारवानी, म्हणजे आपल्याकडची सडपातळ शिकारी कुत्री, पाळायची हौस इकडं जुनी, आणि ‘पळवलं की पायात दम येतो’ हे ज्ञानही तितकंच जुनं. वाढलेल्या कारवानीचं सोडा, चार महिन्यांच्या पिल्लाची हाडं टोकाशी अजून मऊ असतात. ती भरायला साधारण वर्ष लागतं, थोराड जातीत दीड वर्षही.

जुळे सोलापुरातल्या एका पोरानं लॅब्रॅडॉरचं पिल्लू पट्ट्यानं स्कूटीमागं पळवायला काढलं. एप्रिल महिना, आणि साहेब उठणार नऊ वाजता. एका सकाळी पिल्लानं भर रस्त्यात बसकण मारली. हा मला म्हणतो, “काका, आळशी निघालं.” मी पंजा उलटा करून दाखवला. गादीची साल निघालेली, कडेला फोड. धाप थांबत नव्हती, लाळ तारेसारखी चिकट, हिरड्या लालभडक. सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओतलं आणि ओलंच उचलून डॉक्टरकडं नेलं. वाचलं. पुढच्या आठवड्यात पोराचा प्रश्न: “आता कधीपासून पळवू?”

माझा रिवाज सांगतो. उन्हाळ्यात उजाडताच बाहेर, नाहीतर रात्री रस्ता निवल्यावर. आधी हाताची मागची बाजू डांबराला लावायची. पाच सेकंद ठेववत नसेल तर घरी परत. वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं चालवणं हा ढोबळ हिशोब आहे. त्याला शास्त्र म्हणणार नाही, पण उतावळ्या मालकांना आवरायला बरा. मातीच्या अंगणात ते आपल्या मर्जीनं कितीही बागडू दे, दमलं की आपोआप झोपतं.

फरशीवर शू केली की तिच्यात तोंड घासणारे अजून आहेत. त्यानं पिल्लू एवढंच शिकतं की या माणसासमोर करायची नाही. मग सोफ्यामागं करतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर उचलून बाहेर न्या, तिथं केली की लगेच खाऊ द्या. रात्री एकदा उठावं लागतं. तेवढी तयारी नसेल तर मासे पाळा.

लसींचे डोस पुरे होण्याआधी तलावाकाठी भटक्या कुत्र्यांत सोडू नका, पार्व्हो नावाचा विषाणू पिल्लाला बघता बघता नेतो. पण कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन रिक्षा, हॉर्न, भाजीवाली, शाळेची पोरं दाखवा. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत हे जमलं तर जमलं, पुढं फार जड जातं.

घरात आजी तेलुगूत, बाप हिंदीत, पोरगी इंग्रजीत ‘बस’ सांगणार आणि वर कुत्रं मठ्ठ! सगळ्यांनी एकच शब्द धरा. एका वेळी दोन-तीन मिनिटंच शिकवा. ‘आठ दिवसांत ट्रेनिंग’वाले व्हिडिओ बंद करा.

जवळ बोलावून कधी रागवू नका, दुसऱ्यांदा येणार नाही.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो. भाकरीही चालते, पण शेंगाचटणी लावलेली नको. तिच्यात लसूण असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याला विषारी.