नाशिकहून ऑकलंडला येताय? तास घराच्या दारापासून मोजा

नवीन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, फ्लाइट किती तासांची?" मुंबई ते ऑकलंड सरळ अंतर साधारण १२,३०० किलोमीटर. थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे पहिला टप्पा साडेपाच तासांचा, दुसरा दहाच्या आसपास. पण तुम्ही निघणार सातपूर नाहीतर पंचवटीतून. कसारा घाट, भिवंडी, ठाणे, विमानतळावरचे तीन-चार तास, मधला थांबा, सगळं धरून तीस तास पकडा. न्यूझीलंडचं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे, इथल्या उन्हाळ्यात साडेसात. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी घर सोडलं की इथे रविवारची सकाळ उजाडते.

आपली मंडळी दुबईचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मिरवतात. नकाशा बघा की जरा! सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे, वाकडं जावं लागत नाही. दुबईला जायचं म्हणजे आधी १,९०० किलोमीटर उलट दिशेला, आणि मग तिथून एका दमात सोळा तास. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना तरी हे करायला लावू नका.

आता माझं शहाणपण ऐका. पहिल्या खेपेला मी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं काढली. बारा हजार रुपये वाचले म्हणून खूश होतो. मुंबईचं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि सिंगापूरला पोचेपर्यंत पुढचं उडून गेलं होतं. पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला सिंगापूरला पोचवलं, आमचं काम संपलं. दुसरी म्हणाली, तुम्ही आलाच नाहीत, पैसे बुडाले. ऐनवेळच्या नव्या तिकिटात इथलं दीड महिन्याचं भाडं गेलं. तिकीट एकच काढा. एकाच बुकिंगवर दोन्ही टप्पे असले की विमान चुकल्यास पुढची सोय कंपनीच्या गळ्यात, आणि बॅगाही सहसा थेट ऑकलंडपर्यंत येतात. दरवर्षी कोणीतरी माझ्यासारखी दोन वेगळी तिकिटं काढतं आणि मध्यरात्री मला फोन लावतं.

ऑस्ट्रेलियामार्गे येणार असाल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो. आधीच काढा.

खाण्याचं मात्र नीट ऐका. हा देश माणसांपेक्षा मातीला आणि बियाण्याला जास्त घाबरतो. कधीकधी हसू येतं, पण यांचं पोट शेतीवर आहे. चिवडा, मसाला, लोणचं, जे असेल ते इथे उतरताना भरायच्या फॉर्मवर लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू जाते. लपवलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. द्राक्षं अजिबात नकोत, मग ती स्वतःच्या मळ्यातली का असेनात. मळ्यात घातलेले बूटही घासून, धुऊन आणा. एका काकूंनी पर्समधला अर्धा पेरू विसरून आणला होता. सामानाच्या बेल्टजवळचा, वासावरून खाणं शोधणारा बीगल कुत्रा येऊन त्यांच्या पायाशी शांतपणे बसला.