मायनर सेकंड वाजवताना या चुका टाळा, नाहीतर घरचे विचारतील पेटी बिघडली काय

बेळगाव-खानापूरकडं कीबोर्डवर जॅझ करायला बसलेला माणूस बहुतेक पेटीवरून आलेला असतो, पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव हे, त्यामुळं डोक्यात पक्कं बसलेलं असतं की शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या म्हणजे बोट घसरलं. मग कधीतरी जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक ऐकण्यात येतो, तो लागून असलेले दोन सूर मुद्दाम एकदम आपटतोय आणि ते भारी वाटतंय, मग काय, आपण पण सगळीकडं तेच सुरू करतो. मायनर सेकंड म्हणजे हेच अंतर हो, सा आणि कोमल रे मधलं.

सगळ्यात जास्त मार बसतो तो खालच्या सप्तकात. टिळकवाडीत एका रिसेप्शनला मी डाव्या हातानं पार खाली ई-एफ (सी ला सा धरलं तर ग-म) धरला, तर साउंडवाला पळत आला, त्याला वाटलं केबल लूज झाली. कारण साधं आहे. मधल्या सी च्या वरचा ई साधारण ३३० हर्ट्झ आणि एफ ३४९, फरक १९-२० चा, ती खरखर सुरात मिसळून चव आणते. तेच दोन ऑक्टेव्ह (सप्तकं) खाली ८२ आणि ८७, म्हणजे सेकंदाला पाच वेळा घुम् घुम्, वर दोन्हींचे हार्मॉनिक्स, म्हणजे सुराबरोबर आपोआप वाजणारे वरचे सूर, एकमेकांवर आदळतात ते वेगळंच. म्हणून मायनर सेकंड मधल्या सी च्या आसपास किंवा वर ठेवा, खाली एकच सूर नाहीतर सा-प अशी जोडी पुरे.

चांगलं उदाहरण हवं तर जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सवाली डाव्या हाताची पद्धत बघा की. डी मायनर कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे सूर) सी-ई-एफ-ए, मग जी सेव्हन कॉर्डला फक्त सी चा बी करायचा, बी-ई-एफ-ए, झालं. ई-एफ ची जोडी दोन्हीकडं मधे दडून बसलीय, कॉर्डला धार आली आणि कुणाला टोचलं पण नाही. एक मात्र, यात मूळ सूर नाही, तो बासवाल्याचा. एकटे वाजवत असाल तर आधी खाली डी टेका, नाहीतर ते सरळ एफ मेजर सेव्हन ऐकू येतंय आणि तुम्ही म्हणताय कॉर्ड चुकली कुठं.

दुसरी चूक, जोडी सगळ्यात वर ठेवणं. कॉर्ड सी मेजर सेव्हन, चालीचा सूर सी आहे आणि त्याला चिकटून खाली बी, मग चालच ऐकू येत नाही. अशा वेळी बी काढून ए घाला, मेजर सेव्हन कॉर्डची सिक्स्थ कॉर्ड होते, काही बिघडत नाही. आणि ई खाली ठेवून एफ एक ऑक्टेव्ह वर नेला तर मऊ होईल असं वाटतं ना, उलट जास्त बोचतं. डॉमिनंट, म्हणजे जी सेव्हनसारख्या कॉर्डवरचा फ्लॅट नाइन (मूळ सूर सा धरला तर वरच्या सप्तकातला कोमल रे) तेवढा खपतो.

सोलोत गडबड वेगळी. भैरवातल्या कोमल रे वर आपण आंदोलन देत रेंगाळतो, ती सवय इथं आणली की फसलो. सी मेजर सेव्हनवर ठोक्याला एफ धरून बसलात तर तो कॉर्डमधल्या ई च्या डोक्यावर बसतो. एफ, डी शार्प, ई असं घ्या, पहिले दोन ठोक्याच्या आधी आणि ई बरोब्बर ठोक्यावर, दोन्हीकडून घेरून. कण घेता ना पेटीवर, तसंच डी शार्पवरून ई वर निसटून यायचं, बोट तिथं ठेवायचं नाही.

एवढं करून पण कर्कश वाजत असेल तर कीबोर्डवर ऑर्गन किंवा स्ट्रिंग्जचा आवाज लावलाय काय ते बघा. पियानोचा सूर विरत जातो, हे आवाज विरत नाहीत, त्यामुळं खरखर तशीच चालू राहते. पेडलवरनं पाय काढा आणि जोडीतला एक सूर जरा हलका दाबा, दोन्ही सारख्याच जोरात मारले की भांडणच.