सामूहिक प्रदर्शनात चित्र मांडताना

घरच्या भिंतीला टेकवून ठेवलेले चित्र आणि अनोळखी चित्रकारांच्या कामांशेजारी टांगलेले तेच चित्र ही जणू दोन वेगळी चित्रे असतात, हे पहिल्या सामूहिक प्रदर्शनात बहुतेक कलाकारांच्या लक्षात येते. ग्रंथालयाचा व्हरांडा, सार्वजनिक सभागृह, शाळेची मोकळी खोली किंवा एखाद्या कलासंस्थेचे छोटे दालन अशा ठिकाणी येणारा प्रेक्षक खास आपले काम पाहायला आलेला नसतो. तो पुस्तक परत करायला किंवा दुसऱ्याच कोणा चित्रकाराच्या निमंत्रणावरून आलेला असतो, आणि चालता चालता आपल्या चित्रासमोर थांबतो किंवा थांबत नाही. तो थांबावा यासाठी जे करता येते, त्यातील बरेचसे काम कुंचला धुऊन ठेवल्यानंतर सुरू होते. पुढील मजकूर त्या कामाविषयी आहे आणि तो मुख्यतः भिंतीवर लावायच्या चित्रांना, रेखाटनांना, मुद्राचित्रांना (ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांना) व छायाचित्रांना लागू पडतो.

जागा आधी पाहावी

प्रवेशिका भरण्यापूर्वी प्रदर्शनाची जागा एकदा प्रत्यक्ष पाहून यावी, आणि शक्य असल्यास प्रदर्शन ज्या वेळी खुले राहणार आहे त्याच वेळी जावे. भिंतीत खिळे ठोकण्याची परवानगी आहे की वरच्या पट्टीवरून तारा सोडाव्या लागतात, की केवळ उभे फलक मिळणार आहेत, यावर चित्राच्या मागे काय बसवायचे हे ठरते. उभ्या फलकावर काचेच्या जड चौकटी लावणे धोक्याचे असते, कारण गर्दीत फलकाला धक्का लागतोच. खिडकीतून दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येते, हेही पाहून ठेवावे. जलरंगातील काही रंगद्रव्ये प्रकाशाने फिकट होतात. संग्रहालये अशा कागदी कामांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देत नाहीत. थेट उन्हाची तीव्रता याच्या शेकडो पटींनी अधिक असते, त्यामुळे प्रदर्शन चार दिवसांचे असले तरी उन्हाची भिंत शक्यतो तैलरंगांसाठी सोडावी.

नियमावली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. चित्राची कमाल रुंदी चौकटीसह मोजायची की चौकटीशिवाय, विक्रीतून आयोजक किती टक्के वजा करतात, चित्रे आणण्याची व परत नेण्याची वेळ कोणती, आणि प्रदर्शनाच्या काळात नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, या चार प्रश्नांची उत्तरे तीत नसतील तर ती लेखी विचारून घ्यावीत. आयोजक बहुधा स्वयंसेवक असतात आणि असे प्रश्न आधी विचारणारा कलाकार त्यांना त्रासदायक वाटत नाही. चित्रे लावायच्या सकाळी विचारणारा मात्र वाटतो.

काय पाठवावे

तीन चित्रे पाठवण्याची मुभा असेल, तर तीन वेगवेगळ्या गोष्टी आपल्याला येतात हे दाखवण्याचा मोह होतो. एक निसर्गचित्र, एक व्यक्तिचित्र आणि एक अमूर्त रचना शेजारी लावली, की ती तीन निरनिराळ्या लोकांची कामे वाटतात आणि प्रेक्षकाच्या लक्षात त्यांपैकी एकही राहत नाही. एकाच विषयाची, एकाच रंगसंगतीची किंवा निदान एकाच आकाराची तीन कामे एकत्र लावल्यास ती एकमेकांना आधार देतात. तिसरे चित्र पहिल्या दोघांच्या तोडीचे नसेल, तर दोनच पाठवावीत. दुबळ्या चित्रामुळे शेजारचे चांगले चित्रही संशयाने पाहिले जाते.

निवड समिती बहुतेक वेळा मूळ चित्र न पाहता छायाचित्र पाहते, म्हणून ते घाईत काढू नये. चित्र चौकटीतून व काचेतून बाहेर काढावे आणि उभे ठेवून मोकळ्या सावलीत, किंवा दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांच्या कोनातून येणाऱ्या दोन समान दिव्यांच्या प्रकाशात टिपावे. कॅमेऱ्याचे भिंग चित्राच्या मध्यासमोर आणि कॅमेरा चित्राच्या पृष्ठभागाशी समांतर असावा, नाहीतर आयताचा समलंब चौकोन होतो. फोनने टिपायचे असल्यास थोडे दूर उभे राहून झूम करावे, कारण अगदी जवळून चित्राच्या कडा फुगीर दिसतात. सोबतचे निवेदन शंभर-दीडशे शब्दांत आटोपावे आणि त्यात आपण काय पाहतो व ते कोणत्या साधनांनी रंगवतो एवढेच सांगावे; "अस्तित्वाचा शोध" ज्याच्या निवेदनात नाही, असा कलाकार वाचणाऱ्याला हायसे वाटायला लावतो.

चौकट, माउंट आणि तार

सर्वांत अधिक चुका येथे होतात. कागदावरील काम काचेला थेट चिकटून असता कामा नये, कारण दमट हवेत काचेच्या आतल्या बाजूला पाणी धरते, कागदाला डाग पडतात आणि छायाचित्राचा पृष्ठभाग तर काचेला कायमचा चिकटू शकतो. मधले अंतर माउंटमुळे, म्हणजे चित्राभोवती खिडकीसारख्या कापून बसवलेल्या जाड पुठ्ठ्यामुळे राखले जाते. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लमुक्त असावा. साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे काही वर्षांत कागदावर तपकिरी कडा उमटते, आणि तोवर ते चित्र दुसऱ्याच्या घरात गेलेले असते. कागद सर्व बाजूंनी डिंकाने चिकटवू नये. तो हवेतील ओलाव्याप्रमाणे प्रसरण व आकुंचन पावतो, म्हणून वरच्या कडेला दोन लहान पट्ट्यांनी टांगता ठेवावा. माउंटची खालची पट्टी वरच्यापेक्षा किंचित रुंद ठेवण्याची जुनी रीत आजही योग्य आहे, कारण चारही बाजू सारख्या ठेवल्यास चित्र खाली घसरल्यासारखे दिसते.

काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा वापरल्यास वजन कमी होते आणि फुटण्याची भीती राहत नाही. परंतु त्यावर स्थिर विद्युत निर्माण होत असल्याने कोळशाच्या किंवा सुक्या पेस्टलच्या चित्रातील भुकटी तो ओढून घेतो. अशा चित्रांना काचच हवी. तैलचित्राला काचेची गरज नसते, मात्र ते पुरते वाळलेले असावे. अंतिम वॉर्निश देण्यापूर्वी पारंपरिक पद्धतीप्रमाणे सहा महिने ते वर्षभर थांबतात. आदल्या महिन्यात रंगवलेले जाड थराचे तैलचित्र प्रदर्शनात नेणे म्हणजे कोणाच्या तरी बाहीवर त्याची खूण सोडणे होय.

चौकटीच्या मागे वरच्या कडेपासून उंचीच्या सुमारे एकतृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंना डी-रिंग (इंग्रजी D अक्षराच्या आकाराच्या धातूच्या कड्या) पक्क्या स्क्रूने बसवाव्यात आणि त्यांच्यामध्ये चित्राच्या वजनाला पुरेशी धातूची तार बांधावी. सुतळी वापरू नये, आणि करवतीच्या दातांसारखी जी छोटी पट्टी तयार चौकटींना लावलेली असते तिच्यावरही विसंबू नये. अनेक आयोजक ती स्वीकारतच नाहीत. मध्यभागी बोटाने वर ओढल्यावर तारेचा सर्वांत वरचा बिंदू चौकटीच्या वरच्या कडेखाली निदान चार-पाच सेंटीमीटर राहिला पाहिजे, म्हणजे खिळा दिसत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून नमद्याचे छोटे तुकडे चिकटवले, तर चौकट भिंतीवर घसरत नाही.

वाहतुकीबाबत एक अनुभव नमूद करतो. वॉर्निश दिलेले ॲक्रिलिक रंगांतील एक मोठे चित्र मी बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये, बुडबुडे आतल्या बाजूला ठेवून गुंडाळले आणि ते दोन तास तापलेल्या गाडीत राहिले. उघडले तेव्हा निळ्या आकाशावर शेकडो वर्तुळे उमटलेली होती. ॲक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ होतो, हे मला ठाऊक होते. घाईत आठवले नाही. तेव्हापासून चित्राला प्रथम सिलिकॉनचा लेप असलेला बटर पेपर आणि त्यावर बुडबुडे बाहेरच्या बाजूला ठेवून प्लास्टिक, हाच क्रम मी पाळतो.

भिंतीवर

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर उंचीवर यावा, असा संकेत आहे आणि निरनिराळ्या आकारांची चित्रे एका ओळीत बसवायला तो उपयोगी पडतो. खिळ्याची जागा अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवावी. मध्यरेषेच्या उंचीत चित्राची निम्मी उंची मिळवावी आणि ताणलेल्या तारेचा सर्वांत वरचा बिंदू वरच्या कडेपासून जितका खाली असेल तितके अंतर त्यातून वजा करावे. चित्र ६० सेंटीमीटर उंच, मध्यरेषा १५० वर आणि तार कडेपासून ८ सेंटीमीटर खाली असेल, तर खिळा १५० अधिक ३० वजा ८, म्हणजे १७२ सेंटीमीटरवर येतो. बसून पाहण्याची सोय असलेल्या खोलीत किंवा लहान मुले अधिक येणार असतील तेथे मध्यरेषा खुशाल खाली आणावी.

आपल्या शेजारी कोणाचे चित्र येईल, हे बहुधा आपल्या हातात नसते. १८३२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात इंग्रज चित्रकार टर्नरचे राखाडी छटांचे समुद्रचित्र त्याचा समकालीन चित्रकार कॉन्स्टेबल याच्या वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचा सोहळा दाखवणाऱ्या झगमगीत चित्राशेजारी लागले होते. प्रदर्शन उघडण्यापूर्वी चित्रकारांना शेवटचे हात फिरवायला जे दिवस मिळत, त्यांपैकी एका दिवशी टर्नरने आपल्या समुद्रावर नाण्याहून थोडा मोठा असा तांबड्या रंगाचा एकच ठिपका दिला आणि नंतर त्याला पाण्यावरील तरत्या बोयाचा आकार दिला. शेजारचे सगळे लाल रंग त्यापुढे फिके पडले. आजच्या प्रदर्शनात भिंतीवर रंगकाम करू दिले जाणार नाही, परंतु शेजारच्या भडक चित्रापासून आणखी वीतभर अंतर मागता येते, आपल्या दोन चित्रांची अदलाबदल करता येते, आणि फिकट काम दाराजवळच्या उजेडाऐवजी शांत कोपऱ्यात मागून घेता येते. अशी विनंती चित्रे लावत असतानाच करावी. सर्व चौकटी लागल्यावर ती करणे इतरांवर अन्याय करणारे ठरते.

वरून येणारा दिवा उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करील असा वळवल्यास काचेत त्याचे प्रतिबिंब प्रेक्षकाच्या डोळ्यांत येत नाही आणि चौकटीची सावलीही चित्रावर फारशी पडत नाही. समोर खिडकी असल्यास काचेतील तिचे प्रतिबिंब कोणत्याही दिव्याने घालवता येत नाही. तेथे जागा बदलणे हाच उपाय आहे.

नामपट्टी आणि किंमत

नामपट्टीवर कलाकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि किंमत किंवा "विक्रीसाठी नाही" एवढे असावे. आकार लिहिताना उंची आधी आणि रुंदी नंतर लिहिण्याची पद्धत आहे. मुद्राचित्रावर ३/२५ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ २५ प्रतींच्या आवृत्तीतील तिसरी प्रत असा होतो, आणि यंत्रावर काढलेल्या प्रतीला मूळ चित्र म्हणून विकणे ही फसवणूक आहे. "किंमत विचारावी" असे लिहू नये. ज्याला संकोच वाटतो तो विचारत नाही, आणि स्थानिक प्रदर्शनात पहिल्यांदाच चित्र घेऊ पाहणाऱ्या बहुतेकांना संकोच वाटतो.

किंमत आकाराशी जोडावी, मनातील जिव्हाळ्याशी नव्हे. क्षेत्रफळावर हिशेब केला तर ६० × ८० सेंटीमीटरचे चित्र ३० × ४० च्या चौपट महाग होते, आणि उंची व रुंदी यांच्या बेरजेवर केला तर दुप्पट. दोन्ही रीती रूढ आहेत, परंतु छोट्या प्रदर्शनांत दुसरीने मोठ्या चित्रांच्या किमती आवाक्यात राहतात. आयोजकांची वजावट ३० टक्के असेल, तर आपल्याला हव्या असलेल्या रकमेत ३० टक्के मिळवून भागत नाही. १०० चे १३० केले तर त्यातून ३९ वजा होऊन ९१ च हातात येतात. १०० हवे असतील तर ०.७ ने भागून किंमत सुमारे १४३ ठेवावी लागते. चौकटीचा खर्च वेगळा धरावा. तेच चित्र घरून घेणाऱ्याला कमी किमतीत देऊ नये, कारण ज्या आयोजकाच्या दालनात त्याने ते पाहिले त्याला हे आज ना उद्या कळतेच.

प्रदर्शन चालू असताना

जमेल तितका वेळ तेथे हजर राहावे, पण स्वतःच्या चित्राला खेटून उभे राहू नये. कलाकार बाजूला असला की माणसे भिडेने दोन शब्द स्तुतीचे बोलून पुढे सरकतात. थोड्या अंतरावरून कोण किती वेळ थांबतो, जवळ जाऊन काय पाहतो, कोठे वळून पुन्हा येतो, हे पाहिले तर अभिप्राय वहीतील "अप्रतिम" या शब्दापेक्षा किती तरी अधिक कळते. कोणी विचारलेच, तर चित्राचा अर्थ सांगण्याआधी ते कसे घडले ते सांगावे: कागद कोणता, पहिला थर कशाचा, कोणता भाग तीनदा पुसला. चांगल्या संभाषणाची सुरुवात बहुधा येथून होते. इतर कलाकारांची कामे नीट पाहून त्यांच्याशी बोलावे. पुढच्या प्रदर्शनाची बातमी बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच मिळते.

चित्र विकले गेल्यास नामपट्टीवर लाल टिकली लावतात, परंतु ते प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरून काढत नाहीत, आणि हे घेणाऱ्याला पैसे देतानाच सांगावे. पावतीवर शीर्षक, माध्यम आणि वर्ष लिहावे. चित्र विकले तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क, लेखी करार करून दिल्याशिवाय, सामान्यतः कलाकाराकडेच राहतो, हेही त्यावर एका ओळीत नमूद करता येते.

उतरवून नेताना प्रत्येक चौकट जागेवरच, आयोजकांसमोर तपासावी. काचेला तडा, कोपऱ्याला खोक किंवा मागच्या कागदाला ओल दिसल्यास त्याच क्षणी छायाचित्र घेऊन नोंद करावी; गाडीत ठेवल्यानंतर दिसलेल्या ओरखड्याचा जबाब कोणीच देऊ शकत नाही. घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी एका वहीत कोणते चित्र कोठे, कोणत्या किमतीला लागले होते आणि कोणी पत्ता ठेवून गेले हे लिहून घ्यावे, आणि चौकटींच्या मागच्या तारांचे स्क्रू पुन्हा एकदा घट्ट करून ठेवावेत.