तुरुंगातून स्वतः अपील करताना मुदत कुठे हुकते? या चुका टाळा

जळगाव किंवा धुळ्याच्या सत्र न्यायालयाने लांब मुदतीची शिक्षा सुनावली की बंद्याला जिल्हा कारागृहातून मध्यवर्ती कारागृहात हलवतात, आणि नव्या बराकीत बस्तान बसल्यावरच त्याला अपील सुचते. मुदत मात्र निकालाच्या तारखेपासून धावत असते, बदलीच्या तारखेपासून नव्हे.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात, म्हणजे खान्देशातील बंद्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, ६० दिवसांत अपील करावे लागते. फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवसांत. न्यायदंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायचे असेल, तर तिथेही ३० दिवसच मिळतात. निकालाचा दिवस यात धरत नाहीत. ‘साठ दिवस म्हणजे दोन महिने’ हा हिशेब घात करतो: १० जूनच्या निकालाचा साठावा दिवस ९ ऑगस्टला भरतो, १० ऑगस्टला नव्हे.

निकालपत्राची नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ मुदतीतून वजा होतो, पण तो सिद्ध करावा लागतो. नकलेवर अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख शिक्क्यात असते. नेमके तेच पान घरच्यांकडे किंवा जुन्या वकिलाच्या फायलीत राहून जाते. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि लगेच मिळाली पाहिजे, व तुरुंगाने ती देताना लेखी पोच घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये होसकोट प्रकरणात बजावले आहे. पोच देताना सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने घालावी.

सर्वांत महागात पडते ते घरच्यांची वाट पाहणे. मुलाखतीला आलेला भाऊ ‘कापूस विकला गेला की चांगला वकील लावू’ असे मनापासून सांगतो, आणि दिवाळीनंतर पैसा येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३८३) बंद्याने अपिलाचा अर्ज आणि नक्कल तुरुंगाधिकाऱ्याकडे दिली की ती न्यायालयाकडे पाठवणे हे त्या अधिकाऱ्याचे काम ठरते. अर्ज साधा असला तरी चालतो. पुढे वकिलाला आणखी मुद्दे मांडता येणार नाहीत, या भीतीने थांबू नये. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. अर्ज दिल्याची तारीख मात्र कारागृहाच्या नोंदवहीत चढली की नाही, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे.

उशीर झालाच, तर अपिलासोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा. ‘गरिबीमुळे उशीर झाला’ एवढे एकच वाक्य पुरत नाही. निकाल कधी लागला, प्रत कधी मिळाली, बदली कधी झाली, आजारपणात किती दिवस गेले, हे तारखांनिशी क्रमाने लिहावे आणि मधला एकही आठवडा कोरा सोडू नये.